टॉवेल बाजूला केलात, तात्या

शिवाप्पातात्या, या जगात मी सगळ्यात जास्त कुणाचा ऋणी असेन तर तो तुमचा. हे वाक्य तुमच्यासमोर मला एकदाही पुरं म्हणता आलं नाही. वकिलीची सनद मिळाली त्या दिवशी पेढे घेऊन आलो होतो. तोंड उघडलं तर तुम्ही म्हणालात, "भाषण करू नगंस. पेढा दे." आतून आनंदाकाका ओरडले, "मला दोन!" झालं. वाक्य पेढ्याबरोबर गिळलं गेलं. आज तुम्ही मला अडवू शकत नाही, म्हणून पहिल्यांदा तेच लिहून टाकलं.

तुम्हाला जाऊन अजून महिना व्हायचा आहे. मंगळवार पेठेतल्या तुमच्याच खोलीत बसून लिहितोय. काका दाराशी उजेडाला बसून बैलाच्या गोंड्याची लोकर वळताहेत. मघाशी त्यांनी विचारलं, "कुणाला लिवतुयास?"

"तात्यांना."

"लिव की. त्येला कुटं वाचाय येतंय. मी वाचून दावीन."

मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. लोकर खाली ठेवून ते मागच्या मोरीकडे गेले आणि बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला.

तुमची-माझी गाठ जनावरांच्या बाजारात पडली. माझा बारावीचा निकाल लागला होता. राधानगरीच्याही वरच्या अंगाला असलेल्या आमच्या वाडीतून बाबा म्हैस घेऊन वडगावच्या बाजाराला आले होते. ती विकून मला कोल्हापुरात कॉलेजला घालायचं होतं. आपल्याकडे जनावराचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल खांद्यावरचा टॉवेल पुढे करतो, त्याखाली दोघांचे हात जातात आणि बोटं दाबून किंमत ठरते. खेटून उभ्या असलेल्या माणसालाही काही कळत नाही. दलाल म्हणून तुम्ही बाबांचा हात टॉवेलाखाली घेतलात आणि भाव न करताच सोडून दिलात.

"पावणं, म्हस कशाला इकायलाईसा?"

"पोराला शिकवायचं हाय."

"दुसरं दुभतं काय हाय घरात?"

"न्हाय."

"मग न्या परत. बोटं कापाय लागल्यात तुमची. असल्या हाताचा सौदा मी करत न्हाय." मग तुम्ही माझ्याकडे बघितलंत, एखादं खोंड पारखावं तसं. "जेवणाखाण्यात खोड्या हाईत का ह्येच्या?"

बाबा म्हणाले, "काय सुदिक न्हाईत. घालंल ते खातंय."

"मग ठेवा आमच्याकडं. माळा मोकळाच हाय."

त्या 'आमच्याकडं'मध्ये कोण कोण, हे विचारायचं बाबांना सुचलं नाही. म्हैस परत गेली. मी तुमच्यामागून चालत आलो.

घरी आलो तर दारात आनंदाकाका. मूळचे कबनूरचे. उमेदीची वर्षं यंत्रमागावर गेली आणि त्या खडखडाटात दोन्ही कान गेले. उजवा त्यातल्या त्यात बरा. माग सोडून ते बैलांचे कासरे, म्होरक्या, बेंदराच्या सणाचे गोंडे करून बाजारात विकायला लागले आणि तिथं तुम्हाला भेटले. मी तेव्हा पाळण्यात असेन. तुम्ही लिंगायत, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. ते बौद्ध, कोनाड्यात बुद्धाची छोटी मूर्ती. दोन खोल्या भाड्याच्या, वर घरमालकीण काकू. एवढा तुमचा संसार. मी हा शब्द आज लिहितोय. तेव्हा आपल्यापैकी कुणी तो उच्चारत नव्हतं.

रविवारी काका मागच्या अंगणात वेगळी चूल मांडून मटण करायचे. तुम्ही जन्मात कधी तोंडात घातलं नाहीत, पण पायरीवर बसून हुकूम सोडायचात. "आन्या, मीठ कमी हाय."

"तुला काय कळतंय? खाल्लंयस कवा?"

"वासावरनं कळतंय की."

"मग वासानंच पोट भर!"

आणि खरंच मीठ कमी असायचं. जेवण झाल्यावर काकांनी चूळ भरल्याशिवाय तुम्ही त्यांना उंबरा ओलांडू द्यायचा नाहीत. काका जाणूनबुजून एवढ्या मोठ्यानं गुळण्या करायचे की वरून काकू ओरडायच्या, "आलं का धरणाचं पाणी!"

पेठेतली टवाळ पोरं तुम्हाला बघून म्हणायची, "आली बघा बैलजोडी." एकदा तुम्ही थांबलात. मला वाटलं, आता हाणामारी. तुम्ही त्यातल्या एकाला म्हणालात, "व्हय, आनि दोनी बैलं अजून वढत्यात. तुला म्हाताऱ्या बाऽनं चारा घालून सुदिक तू उठत न्हाईस." सगळी हसली, तोही हसला. काकांना ऐकूच आलं नव्हतं. ते पुढे जाऊन विचारत राहिले, "काय म्हणालं ते? काय म्हणालं?" तुम्ही म्हणालात, "राम राम म्हणालं."

मला कुणी काही सांगितलं नाही आणि मी काही विचारलं नाही. एका छपराखाली राहून माणसाला जे कळायचं ते कळतंच. रस्त्यानं चालताना तुम्ही कायम काकांच्या उजव्या कानाच्या बाजूला असायचात. वाहनं त्या अंगाला असली तरी. बाजारच्या दिवशी तुमची गाडी उशिरा आली तर काका आधी मला जेवायला वाढायचे, स्वतः ताट वाढून त्यावर दुसरं ताट झाकून बसायचे. आमच्या वाडीत माझी आई बाबांसाठी अगदी असंच करायची. मग मला आणखी काय समजायचं राहिलं होतं?

आपलं पहिलं भांडण रेशनकार्डावरून झालं. मी एफ.वाय.ला होतो. नवं शिक्षण, नवा उत्साह. काकांचं नाव तुमच्या कार्डावर चढवायचं म्हणून मी अर्ज भरला आणि तुम्हाला ओढत रेशनच्या ऑफिसात नेलं. कारकुनानं चष्म्यावरून बघितलं.

"ह्ये तुमचं कोन?"

"भाऊ," तुम्ही म्हणालात.

"आडनाव येगळं, जात येगळी. भाऊ कसा हो मामा?"

"हाय न्हवं. धर भाऊ."

"धर भाऊ म्हणून सरकार धरत न्हाय. मग काय लिहू, मित्र? मित्राला साखर मिळत न्हाय."

मागची रांग हसली. तुम्ही अर्ज शांतपणे उचललात, चार घड्या घातल्यात. "ऱ्हाऊ दे सायेब. साखर आमी बाजारातनं घिऊ."

मी रागानं दोन-दोन पायऱ्या गाळत जिना उतरत होतो. तुम्ही म्हणालात, "दत्त्या, टॉवेलाखालचा भाव बाजारात वरडून सांगायचा नस्तो."

मी म्हणालो, "पण तात्या, सौदा पटला की टॉवेल काढतात की."

कारण तेही मी तुमच्याबरोबर बाजार हिंडून शिकलो होतो. भाव पटला की दलाल टॉवेल झटकून खांद्यावर टाकतो आणि चार माणसांदेखत हातावर विसाराची आगाऊ रक्कम ठेवतो. त्यानंतर कुणाचा बापही मागं फिरू शकत नाही. ना कागद, ना सही. चार माणसांनी बघितलं, एवढंच.

तुम्ही म्हणालात, "च्या पितोस का?" ज्या भांडणात तुमच्याकडे उत्तर नसायचं ते तुम्ही चहावर मिटवायचात. पुढच्या पंधरा वर्षांत मी तुमच्याबरोबर किती चहा प्यालो असेन!

वकिलीला मला तुम्हीच घातलंत. "बी.ए. होऊन काय करणार? वरडाय येतंय तुला, वकील हो," म्हणालात. लॉ कॉलेजात एक दिवस फौजदारी कायद्याच्या तासाला तीनशे सत्त्याहत्तर कलम आलं. सरांनी घाईघाईनं वाचलं आणि पुढे गेले. मागच्या बाकांवर खिदळणं सुरू झालं. मी पुस्तकातली ती चार ओळींची जागा बघत बसलो. त्या चार ओळी माझ्या घराबद्दल होत्या. तुम्ही दोघं, तुमची भाकरी, ती झाकलेली ताटं, कमी मिठाचं मटण, आणि शिक्षा थेट जन्मठेपेपर्यंत.

संध्याकाळी तुम्ही रोजच्यासारखं विचारलंत, "आज काय शिकीवलं?"

"घरभाड्याचा कायदा," मी म्हणालो.

काकांनी मोठ्यानं विचारलं, "काय म्हणतुया?"

तुम्ही त्यांच्या उजव्या कानाशी वाकून म्हणालात, "म्हणतुया, भूक लागलीया."

तुम्हाला कळलं होतं का, तात्या? माझा चेहरा वाचता येत होता तुम्हाला. टॉवेलाखाली बोटं वाचणाऱ्या माणसाला चेहरा काय अवघड? पण आपण कधी त्यावर बोललो नाही. एक मात्र झालं. त्या दिवसापासून मला माझ्या शिक्षणाचं काय करायचं ते ठाऊक झालं. आमच्या वाडीतले लोक विचारायचे, दत्ता कसला वकील होणार, जमिनीचा का खुनाचा? मी मनात म्हणायचो, घराचा.

घरभाड्याचा कायदा मात्र मी पुढे खरंच पाठ केला. भाडेकरू वारला तर त्याच्याबरोबर त्या घरात राहणाऱ्या त्याच्या कुटुंबातल्या माणसाला भाडेहक्क मिळतो. तसं कुणी नसेल तर वारसाला. मी हे तुम्हाला किती वेळा समजावलं! "तात्या, तुम्ही आधी गेलात तर काका 'कुटुंब' ठरणार नाहीत. वारस ठरणार तुमचा पुतण्या महादेव, जो गडहिंग्लजकडं राहतो आणि या घराची पायरी कधी चढलेला नाही. काकूंना सांगून भाडेपावतीवर दोघांची नावं घाला."

"का घातली म्हणून लोक इचारतील."

"विचारू द्या."

"तू मुंबईत ऱ्हाणार. ऐकायचं कुणी? आमी. मालकीण बरी हाय, चाललंय की."

"मालकीण बरी आहे, कायदा बरा नाही."

"मग तू बदल की कायदा. वकील कशाला केलंय तुला?"

आणि चहा.

मुंबईत मी एका वडीलधाऱ्या वकिलांच्या हाताखाली काम करत होतो तेव्हा, यंदाच्या पावसाळ्यात, दिल्लीच्या हायकोर्टाचा निकाल आला. दोन सज्ञान माणसांनी आपल्या मर्जीनं, आपल्या घरात एकत्र असणं हा आता गुन्हा धरता येणार नाही. ऑफिसात कुणीतरी तो मोठ्यानं वाचून दाखवत होतं. मी बाहेर जिन्यात जाऊन उभा राहिलो. हे सगळ्यात आधी ज्यांना सांगायचं ते दोघं कोल्हापुरात होते, आणि एकाला वाचता येत नव्हतं, दुसऱ्याला ऐकू येत नव्हतं. म्हणून मी पत्र लिहिलं. फोन काकूंकडे होता आणि फोनवर काकांशी बोलणं म्हणजे सगळ्या पेठेशी बोलणं.

उत्तर आलं नाही. दसऱ्याला मी काकूंकडे फोन करून तुम्हाला बोलावून घेतलं. "पत्र मिळालं का तात्या?"

"मिळालं."

"मग?"

"मग काय? तूरडाळ लई म्हाग झालीया."

मला राग आला. तुम्ही पुन्हा टाळलंत असं वाटलं. आपलं ते शेवटचं बोलणं, आणि मी ते रागातच ठेवून दिलं. त्या क्षणी तुमच्या मनात काय होतं ते मला नंतर, तुम्हाला मातीत बसवताना कळलं.

तुमच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा काकांनी शेजाऱ्याच्या रिक्षातून तुम्हाला दवाखान्यात नेलं. आत घेतल्यावर दारातल्या नर्सबाईंनी अडवलं. "फक्त नातेवाईक."

काका म्हणाले, "काय?"

"नातेवाईक! पेशंटचे कोण तुम्ही?"

"आं?"

बाई ओरडून ओरडून दमल्या. काका प्रत्येक वेळी कानामागं हात धरून "आं?" म्हणत एकेक पाऊल पुढे सरकत गेले आणि तुमच्या खाटेपाशी जाऊन उभे राहिले. हे मला त्याच नर्सबाईंनी सांगितलं. म्हणाल्या, "त्यांना सगळं ऐकू येत होतं हो. मला कळत होतं. पण मी तरी किती वेळ ओरडणार?" काकांना विचारलं तर म्हणतात, "ऐकू आलं असतं तर 'कोन न्हाय' म्हणाय लागलं असतं. म्हणून ऐकू आलं न्हाय." तुमचा हात शेवटपर्यंत त्यांच्या हातात होता, टॉवेलाशिवाय. एवढं तरी तुम्हाला मिळालं. त्या बाईंचे आभार मला इथं मानायचे आहेत.

मी पोचलो तेव्हा महादेव आला होता. तुमच्या रीतीप्रमाणे तुम्हाला आंघोळ घालून, भस्म लावून बसवलं होतं. तुम्ही डोळे मिटून बसलेले. जणू रविवारच्या मटणाचा वास घेऊन आता मीठ कमी असल्याचं सांगणार. काका भिंतीला टेकून उभे. महादेव त्यांना म्हणाला, "तुमी आता बाहेर थांबा. घरच्यांचं हाय हे." काका बाहेर जाऊन पायरीवर बसले. तीच पायरी. तुमच्यासमोर भांडण नको म्हणून मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो.

रुद्रभूमीत खड्डा तयार होता. तुम्हाला आत बसवलं. गळ्यातल्या डबीतलं लिंग काढून पूजा सांगणाऱ्या जंगमांनी तुमच्या डाव्या तळहातावर ठेवलं आणि वर बघून विचारलं, "घरचं कोन हाय? बेल वाहायला या."

महादेव पुढे झाला. तेवढ्यात मागून आवाज आला, "सगळं घर येऊ द्या की. एकच का?"

गणपा दलाल होते ते. त्यांच्यामागे तुमच्या बाजाराची माणसं, खांद्यांवर टॉवेल. गणपांनी काकांना दंडाला धरून पुढे आणलं. महादेव म्हणाला, "ह्यो कसला घरचा?"

"कसला त्ये तुझ्या चुलत्यानं सांगितलंय. आमी ऐकलंय." आणि गणपांनी तिथंच, खड्ड्याच्या कडेला, सगळ्यांदेखत सांगितलं. मला पहिल्यांदा कळलं ते तिथं.

दसऱ्यानंतरच्या बाजारात दुपारी व्यवहार संपत आले असताना तुम्ही काकांना त्यांच्या गोंड्यांच्या पालातून हाताला धरून बाजाराच्या मधोमध आणलंत. सगळ्यांना वाटलं, काहीतरी गंमत आहे. तुम्ही टॉवेल पुढे केलात, काकांचा हात त्याखाली घेतलात. मग टॉवेल ओढून काढलात, झटकलात आणि खांद्यावर टाकलात. हात तसाच हातात. "मंडळी, ह्यो सौदा लई वर्सांमागं झालाय. टॉवेल काढायचा ऱ्हायला हुता, त्यो आज काढतो. आन्या माझ्या घरचा हाय, मी त्येच्या घरचा हाय. माझ्यामागं ह्यो माझ्या घरात ऱ्हाईल. कोन न्हाय म्हणत असंल तर आत्ता म्हना." आणि काकांच्या तळहातावर विसाराचा रुपया ठेवलात.

गणपा म्हणाले, सगळा बाजार भोवती गोळा झाला. मग कुणीतरी म्हणालं, "तात्या, जनावर तर बरंच म्हातारं घेतलंस की!" आणि बाजार हसला. तुम्ही म्हणालात, "दात बगूनच घेतलंय, तवा बत्तीस हुतं." काका ओरडत होते, "काय म्हणतुया ह्यो? काय म्हणतुया?" आणि तुम्ही या वेळी "राम राम म्हणत्यात" असं सांगितलं नाहीत. त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन तुम्ही ते सगळं पुन्हा एकदा, शब्दन् शब्द सांगितलंत.

जंगमांनी सगळं ऐकून घेतलं. काय वाटलं त्यांना माहीत नाही. त्यांनी बेलाचं पान काकांच्या हातात दिलं. काका खाली उतरले, पान वाहिलं, तुमच्या उजव्या हाताला हात लावला आणि ऐकू न येणाऱ्या माणसाला जमेल तेवढ्या हळू आवाजात, म्हणजे सगळ्या रुद्रभूमीला ऐकू जाईल असं म्हणाले, "गार पडलाय की रं हात."

आता पुढचं सांगतो. महादेवानं वकिलामार्फत नोटीस पाठवली आहे. आपण वारस आहोत, खोल्यांचा ताबा आपल्याला मिळावा, आनंदा नावाचा माणूस तिथं बेकायदा राहतो. गेल्या आठवड्यात त्याचा वकील मला भेटला. माणूस वाईट नाही. म्हणाला, "मिटवून टाकू. त्यांनी नोकर म्हणून राहत होतो असं लिहून द्यावं, आम्ही त्यांना पावसाळ्यापर्यंत राहू देतो." मी निरोप काकांना सांगितला, उजव्या कानात.

"नोकर?" काका एवढ्या मोठ्यानं ओरडले की वरच्या काकू खाली आल्या. "मी नोकर? सैपाक मी करायचा, म्हणून नोकर? मग त्यो माझी धोतरं धूत हुता, त्यो कोन? लिवून दे त्येंला, नोकर शिवाप्पा हुता. आनि लई आळशी हुता."

काकू पायरीवर बसल्या. मी त्यांना विचारलं, तुमची भूमिका काय? म्हणाल्या, "हे बघ दत्ता, माझी एक सून, दोन लेकी, त्यांच्या सासरची माणसं. मी आपणहून पावतीवर नाव घालणार न्हाय. पण कोर्टानं विचारलं तर खोटं बी सांगणार न्हाय. इतकी वर्सं एका घरात, एका चुलीवर हुती, सांगीन." मग उठता उठता, "तुझं ते पत्र आनंदानं शिवाप्पाला वाचून दावलंवतं. सगळ्या गल्लीनं ऐकलं. 'हळू वाचा' म्हणून लिवलंवतंस, ते बी ऐकलं आमी."

तेव्हा मला हसू आलं, तात्या. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. तुमच्या टॉवेलाखाली जे होतं ते बाजारात उघड होण्याआधीच काकांनी खणखणीत आवाजात पेठेला वाचून दाखवलं होतं. आणि पेठेनं काय केलं? दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं दूध घातलं.

मी मुंबईचं काम सोडून कोल्हापुरात आलोय. काकांच्या वतीनं उभा राहणार आहे. माझं म्हणणं एवढंच असणार, की त्या कायद्यातला 'कुटुंब' हा शब्द या दोन खोल्यांना लागू होतो. सोपं नाही. मला हे सांगणारा निकाल अजून कुठं सापडलेला नाही. खालच्या कोर्टात हरलो तर वरच्या कोर्टात जाईन. माझ्याकडे गणपा आहेत, बाजाराची माणसं आहेत, काकू आहेत, त्या नर्सबाईही येते म्हणाल्यात. साक्षीला उभं राहावं लागेल हे मी काकांना बजावून सांगितलं. "भर कोर्टात विचारतील काका, शिवाप्पा तुमचे कोण? फिरवून फिरवून विचारतील. लाज वाटेल असं विचारतील."

काका लोकर वळता वळता म्हणाले, "बाजारात सांगितलं त्येच सांगायचं की. त्येनं सांगितलंय, आता माझी पाळी."

तुम्ही म्हणाला होतात, मग तू बदल की कायदा. त्या वेळी मी चिडलो होतो. आता ते मी तुमचं काम समजून हातात घेतलंय. तारीख पडली की काकांना घेऊन जाईन, त्यांच्या उजव्या बाजूनं चालत.

काकांनी सकाळी ट्रंकेतून माझं पत्र काढून दिलं. हळदीचे डाग पडलेत. म्हणाले, "ह्ये बी लाव संगट, म्हंजी त्येला आठवंल." म्हणून ते जसंच्या तसं इथं उतरवतो.

ती. तात्या आणि ती. आनंदाकाका यांस, दत्ताचा साष्टांग नमस्कार.

काका, हे पत्र तात्यांना हळू वाचा. दार लावून वाचलंत तर बरं.

तात्या, दिल्लीच्या हायकोर्टानं सांगितलंय, तुम्ही दोघं गुन्हेगार नाही. मला हे आधीपासून माहीत होतं, पण आता कोर्टानं सांगितलंय. मी कॉलेजात असताना एक दिवस घरभाड्याचा कायदा शिकलो असं तुम्हाला म्हणालो होतो. त्या दिवशी मी दुसरंच काही वाचून आलो होतो. ते आज पुसलं गेलं, म्हणून लिहितोय.

पण गुन्हा नाही म्हणजे नातं आहे, असं होत नाही. कोर्टानं तुम्हाला सोडलंय, ओळखलेलं नाही. बाई आणि पुरुष लग्नाशिवाय एकत्र राहत असले तर अलीकडच्या एका कायद्यानं त्या बाईला थोडा आधार दिलाय. लग्नासारखं नातं, असं तिथं लिहिलंय. तुमच्यासाठी अजून कुणी काही लिहिलेलं नाही. उद्या तुमच्यापैकी एकाला काही झालं तर दुसऱ्याला दारात उभं करून विचारतील, तू कोण? हे मला सहन होणार नाही. तुमच्या माळ्यावर मी माणूस झालो. ते घर काकांचं नाही असं कुणी म्हटलं तर मग ते माझंही नव्हतं.

भाडेपावतीवर दोघांची नावं घाला. काकूंशी मी बोलतो. तुम्हाला कागद आवडत नाही, मला ठाऊक आहे. कागद नको असेल तर नको. पण तात्या, तुम्हीच मला शिकवलंत, सौदा पटला की टॉवेल काढायचा असतो. तुमचा सौदा पटून माझ्या वयाएवढी वर्षं झाली. एकदा तरी तो टॉवेल बाजूला करा आणि चार माणसांत काकांचा हात धरा. एकदाच.

बाकीचं मी बघतो.

तुमचा,
दत्ता